किटलीवर वाकताना

केसरबाईनं त्या शुक्रवारी सकाळी जे केलं ते डोळ्यांपुढून हलायला तयार नव्हतं. बीडच्या आमच्या दूध संकलन केंद्राच्या ओट्यापुढं, चाळीस-पन्नास माणसांच्या देखत, मी नापास केलेल्या दुधात तिनं दोन्ही हातांची ओंजळ बुडवली आणि घटाघटा प्यायली. नापास दुधात आम्ही चमचाभर गुलाबी रंग टाकतो, म्हणजे ते पुढं एखाद्या हॉटेलात खपत नाही. तो रंग तिच्या ओठांना लागला, हनुवटीवरून गळ्यात ओघळला, दातांच्या फटीत बसला. पदरानं तोंडसुद्धा न पुसता ती माझ्याकडं बघत म्हणाली, "बगा अप्पा. मेले का मी?" कुणीतरी हसलं. मी हसलो नाही. खरं सांगायचं तर तिच्यावर अन्याय झाला असेल की काय हा विचार डोक्यात यायच्या आधी त्या गुलाबी तोंडाची किळस आली, आणि मी तोंड फिरवून पुढच्या बाईला म्हटलं, "हं, ठेवा खाली." तोंड फिरवताना शर्टाबाहेर लोंबलेली गळ्यातली इष्टलिंगाची डबी सवयीनं आत टाकली. मागून केसरबाईचा आवाज आला, "माज्या घरात वास न्हाई, रस्त्यात न्हाई. तुमी वाकलात की कावून येतो?" असल्या प्रश्नांना मी दहा वर्षांत कधी उत्तर दिलेलं नाही. नापास झालेला प्रत्येक माणूस परीक्षकाच्याच नावानं बोटं मोडतो.

ते तिचं महिन्यातलं तिसरं नापास होतं. संघाचा नियम असा की तीनदा दूध नासकं निघालं तर सभासदाचं नाव कमी करायचं. तसा कागद मी लिहून ठेवला होता. रविवारी सही करायची, चेअरमन विठ्ठलरावांपुढं ठेवायचा, झालं. केसरबाईकडं एक म्हैस होती. नवरा दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेला तो फडावरच वारला, आणि तेव्हापासून ती आणि म्हैस एकमेकींना जगवत होत्या. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, सगळ्या केंद्राला माहीत होतं. पण नाकाला ह्या गोष्टींशी काय देणंघेणं? नाकाला दया आली तर सगळ्या टाकीचं दूध नासतं, असं मी नव्या माणसांना शिकवत आलो होतो आणि ते वाक्य मला फार आवडायचं.

माझं काम नाकाचं. मशीनची पाळी नंतर. आधी माणूस वाकतो. झाकण काढायचं, वाकायचं, झाकणाचा वास घ्यायचा, मग दुधाचा, आणि शेवटी चार थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावायचे. नियम असा आहे. जिभेला लावणं मी तीन वर्षांपूर्वी सोडलं. एका चरवीत केस निघाला, एकीत शेणाची खपली, आणि एक दिवस मला वाटलं की ह्या लोकांची घरं, त्यांची बोटं, त्यांच्या जनावरांचे धुतलेले न धुतलेले सड, हे सगळं मी रोज सकाळी चाटतो आहे. त्या दिवसापासून जीभ बंद. नाकाला कळतंय तर जिभेला कशाला त्रास? कुणाच्या लक्षात आलं नाही. "विरुपाक्षअप्पाचं नाक म्हंजे कोर्ट," असं वजन करणारा रामहरी सगळ्यांना सांगायचा, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

वास चैत्रात सुरू झाला. वरून आंबट, आत काहीतरी मेलेलं. दुष्काळाचं दूध कसं वासतं ते मला पाठ होतं. बहात्तर साली पोरवयात खडीच्या कामावर उभं राहून मी दुष्काळ बघितलेला, आणि आता पंधरा वर्षांनी तो पुन्हा तोंड काढून बसलेला. जनावरं लिंबाचा पाला खातात, उसाचे वाढे खातात, भाजून काटे जाळलेला निवडुंग खातात, आणि ते सगळं दुधात उतरतं. पण हा वास त्यातला नव्हता. हा एकाच जातीचा वास दहा घरांच्या दुधाला येत होता, आणि गंमत म्हणजे तो फक्त किटल्यांना येत होता. मोठ्या गवळ्यांचे चाळीस लिटरचे कॅन कमरेएवढे उंच, त्यांच्यावर जरासं झुकलं की पुरे. त्यात वास नसायचा. जमिनीवर ठेवलेल्या किटल्या, चरव्या, एका म्हशीच्या, दोन शेळ्यांच्या, त्यांच्यावर पार गुडघ्यात वाकावं लागायचं, आणि तिथं तो भक्कन यायचा. मी त्याचं शास्त्र बनवलं होतं. मोठ्यांकडं पाणी आहे, टँकर आहे, भांडी धुतात. ह्यांच्याकडं प्यायला नाही तर भांडं कशानं धुणार? आणि नाही धुता येत तर दूध घालू नये. दारिद्र्याला वास असतो, असं मी विठ्ठलरावांना बोललोसुद्धा, आणि विठ्ठलरावांनी मान डोलावली. त्यांचे स्वतःचे कॅन रोज पास व्हायचे.

दुपारी घरी आलो तर जेवण जाईना. ताटातलं ताक पाहिलं आणि ताट सरकवलं. माझी बायको दानम्मानं ते झाकून ठेवलं. ती नुकतीच पूजेवरून उठली होती, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओले होते. आम्ही लिंगायत. पोर जन्मलं की लिंग गळ्यात पडतं, ते मातीत जाईपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. रोज डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, धुवायचं, भस्म लावायचं आणि त्याच्याकडं बघत बसायचं. ह्या बघत बसण्यालाच पूजा म्हणतात. "तुमचं झालं?" तिनं रोजच्यासारखं विचारलं. "केंद्रावर केलं," मी रोजच्यासारखं सांगितलं. खोटं होतं. वडील गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, मी ती डबी उघडली नव्हती. ठरवून सोडलं असं नाही. एक दिवस घाई होती, दुसऱ्या दिवशी कंटाळा, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की काही झालं नाही, कुणी विचारलं नाही, छप्पर कोसळलं नाही. डबी मात्र गळ्यात होती; ती लोकांना दिसते. चैत्रात तिचा जुना दोरा तुटला तेव्हा जंगमांकडून, म्हणजे आमच्या गुरूंकडून, रीतसर नवा घ्यायला हवा होता, मी केंद्रावर नमुन्याच्या बाटल्या बांधायची नायलॉनची दोरी कापून ओवली आणि चांगली पोटापर्यंत लोंबेल अशी गाठ मारून मोकळा झालो. तीन वर्षं रोज एक खोटं बोललो तरी त्याचं ओझं वाटत नव्हतं. ओझं वाटत होतं त्या बाईच्या तोंडाचं.

दुपारभर खाटेवर पडून राहिलो. पत्रा तापला होता. गल्लीत टँकर आला, घागरींवर घागरी आपटल्या, दोन बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढू लागल्या, आणि मला सगळ्यांचा वीट आला. टँकरच्या पाण्याला गंजाचा वास, गटाराला गटाराचा, उशीला माझ्या डोक्याचा, आणि कूस बदलून पालथा पडलो की कुठून तरी तो चैत्रातला. म्हटलं, तो माझ्या नाकातच भरून राहिला आहे. रोज ह्यांची घाण हुंगून नाक बाटलं आहे. आणि मग मला माझे वडील आठवले, मन्मथप्पा, किराणा दुकानदार. महिन्याच्या शिवरात्रीला ते दुकान बंद करून मांजरसुंब्याच्या पुढं डोंगरात जायचे. कपिलधारेच्या तीर्थाला नव्हे, तिथं माणसं असतात म्हणायचे. एका नावगाव नसलेल्या घळीत जायचे, दिवसभर तळहातावर लिंग घेऊन दगडावर बसायचे आणि संध्याकाळी धुतल्यासारखे होऊन परत यायचे. गिऱ्हाईकांशी दोन दिवस गोड बोलायचे. मी बारा वर्षांचा असताना मला एकदा घेऊन गेलते. घळीतल्या डबक्यात बेडकांची पिल्लं वळवळत होती आणि वडील तेच पाणी हातानं बाजूला सारून प्यायले. मी थुंकलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "थुंकायच्या आधी बघावं रे. घाण कुठं हाय ते आधी नीट बघावं." मला तेव्हा वाटलं ते बेडकांची बाजू घेताहेत.

शनिवारची रजा सांगितली. एसटीनं मांजरसुंब्याला उतरलो. धाब्यावर एक ट्रकवाला ज्या बादलीत लोकांचे पेले बुचकळत होते तिच्यातच तोंड धूत होता. मी चहा न घेता चालायला लागलो. डोंगर मला साफ करणार अशी माझी खात्री होती. माणसं नसतील, कॅन नसतील, किटल्या नसतील. पहिला कोसभर मात्र डोंगरानं काही दाखवायचं शिल्लक ठेवलं नाही. सीताफळीची झाडं वाळून नुसत्या काटक्या झाल्या होत्या. एका बोरीखाली गाय मरून पडलेली, फुगून फुटलेली, आणि तिच्यावर गिधाडं कचाकचा भांडत होती, अगदी टँकरवरच्या बायकांसारखी. तरसाची पांढरी विष्ठा वाटेभर. माकडं झाडाच्या साली सोलून चघळत होती आणि एक माकडीण मेलेलं पिल्लू छातीशी धरून बसली होती, त्याच्यावर माश्या. म्हटलं, हा तुमचा निसर्ग. वडील इथं येऊन काय बघत होते कुणास ठाऊक. तरी चढत राहिलो, कारण मागं फिरलो असतो तर रविवारची सही वाट बघत होती. वर पठारावर पोचलो आणि वारा लागला. अंगाला चिकटलेला शर्ट फुगला. छाती भरून श्वास घेतला तर कशाचाही वास नाही. तापल्या दगडाचा असेल थोडा, तेवढाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढा आनंद झाला मला! वाटलं, बघ, माणसांपासून दूर आलं की लगेच. घाण माणसांची असते. तिच्यात राहून आपण बाटतो, दूर झालो की निर्मळ. वाटलं की काही तरी उघडतं आहे आत, वडिलांना व्हायचं ते मला होतं आहे. ताठ मानेनं, छाती काढून, एखाद्या स्वामीसारखा मी त्या पठारावरून चाललो. आज ते आठवलं तर स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

घळ सापडली. वडिलांचा दगड सापडला, बसून बसून गुळगुळीत झालेला. डबकं नव्हतं. त्याच्या जागी वाळूत हातभर खोल खड्डा होता आणि त्याच्या तळाला घमेलंभर पाणी, स्वच्छ, तळाचा खडा न् खडा दिसणारं. शेजारी एक म्हातारा उकिडवा बसला होता, आणि त्याच्या मागं आठ-दहा शेळ्या, बरगड्या मोजून घ्याव्या अशा. सटवा नाव सांगितलं त्यानं. झिरा त्यानंच उकरलेला. पाणी पाझरून वर यायला घटका जाते, मग तीन शेळ्या पितात, पुन्हा घटकाभर थांबायचं, पुन्हा तीन. "तुमी पाव्हणे, तुमी आधी घ्या," म्हणाला. "लई ग्वाड हाय." मी गुडघे टेकले, दोन्ही हात वाळूवर ठेवले आणि वाकलो. आणि तो आला. तोच. वरून आंबट, आत मेलेलं. मी झटक्यानं मागं सरलो.

"सटवाबाबा, हे पाणी नासलंय," मी म्हटलं. "खाली कायतरी मरून पडलंय. पिऊ नका. शेळ्यांनाही पाजू नका."

म्हातारा म्हणाला, "मी तर सकाळीच प्यालो की."

"मी दूध संघात परीक्षक आहे," मी म्हटलं. "दहा वर्षं वास घेतोय. माझं नाक चुकत नाही."

ह्यावर म्हातारा वाद घालेल असं वाटलं होतं. केसरबाईसारखा दोन ओंजळी पिऊन दाखवील. त्यानं तसलं काही केलं नाही. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली, शेळ्यांकडं पाहिलं, आणि म्हणाला, "तुमी शिकल्याले मानसं. तुमाला जास्ती कळतं." मग काठी आडवी धरून त्यानं पुढं घुसलेल्या शेळीला मागं लोटलं. ती पुन्हा आली. त्यानं पुन्हा लोटलं. पाणी नाकापुढं असताना जनावर कसं ओरडतं ते मी ऐकत होतो. मग तो कडेचा एक दगड उचलून झिऱ्याच्या तोंडाशी लावू लागला. दुसरा लावला. तिसरा उचलला. मी एक शब्द बोललो होतो आणि आठ-दहा जिवांचं पाणी बंद होत होतं. त्या घटकेला मला माझ्या शब्दाची भीती वाटली. केंद्रावर कधी वाटली नव्हती. तिथं माझा शब्द कागदावर जायचा आणि माणूस फाटकाबाहेर. बाहेर गेल्यावर तो कोणते दगड लावतो ते मी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा बाबा," मी म्हटलं, "मला नीट बघू द्या." थुंकायच्या आधी बघावं, हे वाक्य कुठूनसं जिभेवर आलं होतं. दगड बाजूला केले. पुन्हा गुडघ्यावर आलो, पुन्हा वाकलो, आणि ह्या वेळी मागं सरलो नाही. खाली, आणखी खाली. वास वाढत गेला. छातीवरून काहीतरी घसरून बाहेर आलं आणि नाकासमोर झुलू लागलं, मग त्याची कड पाण्याला टेकली. आणि मी पाहिलं. त्या स्वच्छ पाण्यात एक पांढरी तार सुटली. धुरासारखी वळली, खाली गेली, पसरली. दुसरी सुटली. माझ्या लिंगाच्या डबीतून दूध गळत होतं.

मी तसाच ओणवा होतो. एकदम सगळं कळलं असं झालं नाही, एकेक करून येत गेलं. लांब दोरी. चैत्र. कमरेएवढे कॅन आणि जमिनीवरच्या किटल्या. वाकलं की शर्टातून बाहेर येणारी डबी. कधी कुणाच्या दुधाला टेकायची आणि मी शर्टाला पुसून आत टाकायचो. झाकणाच्या फटीतून रोज थेंब, रोज थेंब, आणि आत लिंगाभोवती गुंडाळलेलं, तीन वर्षं न उघडलेलं फडकं. मी मागं सरून बसलो आणि डबीची कळ दाबली. कळ गंजली होती. नखानं उचकटली. आत फडकं नव्हतंच आता. पिवळा, चिकट, दह्याच्या चक्क्यासारखा गोळा होता, आणि त्यात बारीक पांढऱ्या अळ्या हलत होत्या, लिंगाच्या भोवती, लिंगावर. मला ओकारी आली. पोटात काही नव्हतं म्हणून नुसतं कडू पाणी पडलं. सटवा जवळ येऊन वाकून बघत होता. त्यानं नाकाला हात लावला नाही. "आरं द्येवा," एवढंच म्हणाला, आणि मग त्याला हसू आलं. तोंडात दोन दात होते, ते दिसले. "काखेत कळसा आन् गावाला वळसा. पाव्हणं, पानी ग्वाडच हाय बगा." नासकं दूध गरिबाघरचं नव्हतं, ते मी चैत्रापासून घरोघर नेत होतो. तेव्हापासून नापास केलेल्या पंचवीस-तीस किटल्यांत मीच हे बुडवलं होतं आणि मीच नाक मुरडलं होतं.

आता झिरा खरंच बाटला होता. सटवानं आपल्या वाळक्या पोकळ भोपळ्यातलं पाणी, त्याच्या दिवसभराचं, दूर एका दगडाशी माझ्या हातावर ओतलं. मी नको म्हटलं. "हात धुवा आधी," तो म्हणाला, "मंग बोला." मी बोटांनी अळ्या काढल्या, एकेक. ज्या बोटांना लोकांच्या चरवीची कड लागली तरी मी ती तीनदा धुवायचो त्या बोटांनी. लिंग वाळूनं घासलं, पुन्हा घासलं, वरचं काळं कवच एका जागी कुरतडल्यासारखं झालं होतं. मग झिरा उपसला, तळापर्यंत, आणि ते पाणी लांब फेकलं. शेळ्या बघत होत्या. मग वाट बघणं आलं. ठेवायला दुसरी स्वच्छ जागा नव्हती, डबी उन्हात पालथी घातलेली, म्हणून लिंग डाव्या तळहातावर घेऊन मी वडिलांच्या दगडावर बसलो. पूजा करावी असं मनात नव्हतं. झिऱ्याकडं बघत होतो. वाळूच्या कणाकणातून ओल यायची, चकाकायची, दुसऱ्या ओलीला मिळायची, आणि किती तरी वेळानं एक थेंब होऊन खाली उतरायचा. पहिलं भरलं ते अजून गढूळ वाटलं, पुन्हा उपसलं. दुसरंही उपसलं. शेळ्या ओरडायच्या थांबून बसल्या होत्या. ऊन तळहातावर आलं, लिंग तापलं, हात भरून आला. मनात कुठलाही प्रकाश वगैरे पडला नाही. माझी मलाच घाण वाटत होती आणि ती जात नव्हती. फक्त आता ती कुठं आहे हे माहीत होतं, आणि म्हणून तिच्यासोबत बसता येत होतं. नाकाला एकेक गोष्ट परत येऊ लागली. ओली वाळू. शेळीचे केस, लेंड्या. म्हाताऱ्याची तंबाखू. माझा घाम. ह्यातलं काहीही वाईट नव्हतं. तिसऱ्यांदा भरलं तेव्हा मी वाकून वास घेतला आणि सटवाकडं बघितलं. तो थांबला होता. खरंच माझ्या शब्दासाठी थांबला होता. मी वास सांगितला नाही. ओंजळीत घेऊन प्यायलो, मग म्हटलं, "सोडा शेळ्या."

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. उघडी डबी माझ्या हातात बघून आतलं फडकं कुठं आहे असं दानम्मानं विचारलं, आणि मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं, तीन वर्षांचं खोटंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "वास मला चैत्रापासनं येत होता. मला वाटलं तुमच्या कामाचा असंल. त्याच कामावर घर चालतं, मग काय बोलायचं?" मग आपल्या लुगड्याच्या काठाचा तुकडा फाडून दिला आणि जंगमांकडं जाऊन नवा दोरा घेऊन आली. छातीच्या वर राहील असा आखूड बांधला.

दुधाला रविवार नसतो. मी केंद्रावर गेलो तेव्हा रांग अर्धी सरली होती आणि केसरबाई ओट्यापुढं उभी होती. नाव कमी होणार हे माहीत असूनही आली होती. म्हशीनं दूध दिलं तर ते न्यायचं कुठं? तिच्या किटलीत रंग पडलेला होता. "तुमची नासक्या दुधाची यादी व्हती की अप्पा," रामहरी म्हणाला, "तिच्यातल्या नावाचं न हुंगता रंगवून टाकलं." यादी माझ्याच अक्षरात, खिळ्याला टांगलेली. विठ्ठलराव खुर्चीवर कागदाची वाट बघत बसले होते. मी कागद फाडला आणि काय झालं होतं ते सांगायला लागलो. उभ्यानं, रांगेला ऐकू जाईल असं. विठ्ठलराव उठले, माझा दंड धरून म्हणाले, "हळू बोला, अप्पा. येडेबिडे झालात का? पाल्याचा वास व्हता म्हना, संपलं. तुमचं नाक खोटं निघालं तर पास केलेल्या दुधाचं काय?" मी म्हटलं, "ते खोटंच निघालं." आणि अळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. रांगेत कुणी तोंडाला पदर लावला, कुणी थुंकलं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आमच्या दुदात बुडवीत व्हता की मुडदा!" मला ते ऐकायचं होतं. मला वाटलं, आता केसरबाई बोलेल, शिव्या देईल आणि मी मोकळा होईन.

ती रागावलेली दिसत नव्हती. दोन दिवस झाले तरी तिच्या ओठांच्या कडेला गुलाबी रेघ होती. "वास आला तर आला," ती म्हणाली. "नाकाला कुनी काय करावं? पर अप्पा, जिभंला लावून बगायचं असतंय न्हवं? आदी लावायचात तुमी. एक डाव चव घेतली असती तर तवाच कळलं असतं. कावून न्हाई घेतली?"

ह्याला उत्तर होतं, पण ते त्या सगळ्यांच्या तोंडावर सांगण्याइतका धीट मी अजूनही नव्हतो. तुमची किळस यायची म्हणून, केसरबाई. मी गुडघे टेकले. वाकलो. डबी छातीशी घट्ट राहिली. लिंबाचा पाला, पितळ, चुलीचा थोडा धूर, म्हैस. दोन्ही हातांची ओंजळ त्या गुलाबी दुधात बुडवली आणि प्यायलो. कडसर होतं, आणि त्याच्या मागं गोड. पोटातून उमाळा वर आला. डोळे गच्च मिटून तो गिळला आणि दुसरी ओंजळ घेतली. हनुवटीवरून शर्टावर सांडलं. कुणी हसलं नाही. "पुरं," केसरबाई म्हणाली. तिनं किटली उचलली, उरलेलं फाटकाजवळच्या लिंबाच्या बुडाशी ओतलं आणि रिकामी किटली हलवत निघून गेली.

सोमवारी पहाटे लवकर उठलो. आंघोळ केली, दगडानं हात घासले. दानम्माच्या शेजारी पाट मांडून बसलो आणि डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं. तळहात अजून गुलाबी होता.